अकरावा मजला, दहाव्याचा दरवाजा

लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले आणि राहतो मी मुलुंडला, बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. हा विनोद माझा नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बायको तो दारातच ऐकवते. पाहुणा धापा टाकत असतो, त्यामुळे त्याला नीट हसता येत नाही, एवढंच माझं नशीब.

या अंकाच्या संपादकबाई मागे आमच्या देखभालीतल्या एका लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. बाहेर काढल्यावर त्या मला झापतील म्हणून मी तोंड बारीक करून उभा होतो. त्यांनी झापलं नाही, प्रश्न विचारले. दोर तुटला तर काय होतं, आत हवा येते का, तुम्ही स्वतः कधी अडकलात का. (अडकलोय. दोनदा. एकदा आमच्याच ऑफिसच्या लिफ्टमध्ये.) शेवटी म्हणाल्या, हे सगळं लिहून द्या. म्हणून ही शाई. नावं मात्र सगळी बदलली आहेत.

आमचं ऑफिस मरोळला. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत इमारतींच्या लिफ्ट सांभाळायचं वर्षाचं कंत्राट आम्ही घेतो. मी सुपरवायझर, म्हणजे मेकॅनिकने केलेलं काम बघायचं आणि मेकॅनिकने न केलेल्या कामाबद्दल शिव्या खायच्या. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बोरिवलीत एक कुटुंब दसऱ्याला लिफ्टची पूजा करून नारळ थेट लिफ्टच्या उंबऱ्यावर फोडायचं. दुपारी करवंटीचा तुकडा दरवाज्याच्या रुळात अडकलेला असायचा आणि आम्ही बोलावलेले असायचो. प्रसादाचं खोबरं मात्र झकास मिळायचं.

बाहेरच्यांना वाटतं, लिफ्ट बंद पडते म्हणजे वर मोटर जळते किंवा दोर झिजतो. छे. बहुतेक वेळा भानगड दरवाज्याची असते. प्रत्येक मजल्यावरच्या दरवाज्याच्या वर, आतल्या बाजूला, तुम्हाला दिसणार नाही असं एक लॉक असतं. त्यात पितळेच्या दोन पट्ट्या. दरवाजा नीट लागला की त्या एकमेकींना टेकतात. सगळ्या मजल्यांच्या या पट्ट्या एकाच साखळीत ओवलेल्या असतात. त्यातली एक जरी बिथरली तरी लिफ्ट जिथे असेल तिथे थांबते, कारण दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलली तर माणूस शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, पडेल. थोडक्यात, एका मजल्याने मान हलवली की अख्खी इमारत जिने चढते. कोणत्या मजल्याने मान हलवली, हे वरच्या मशीनरूममधलं पॅनल लक्षात ठेवतं. मेकॅनिक ते पुसून लिफ्ट पुन्हा चालू करतो आणि रहिवाशांना सांगतो, व्होल्टेजचा प्रॉब्लेम होता. व्होल्टेजने आमच्या धंद्यात जेवढी पापं पोटात घातली आहेत तेवढी आईनेही कुणाची घातली नसतील.

तर, घाटकोपरची इमारत. जुन्या चाळींच्या जागी उभी राहिलेली. चाळीतलीच माणसं वर गेली. बरीचशी बौद्ध कुटुंबं, देशावरून आलेली, आणि बरीचशी कोकणातली, ज्यांचे आजे-बाप गिरणीत होते. आडवी वस्ती उभी झाली. चालती लिफ्ट एकच. दुसरीचा नुसता खड्डा, त्यात बिल्डर आपलं वचन ठेवून गेला होता.

अकराव्या मजल्यावर शेवंताबाई गायकवाड राहायच्या. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही. शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. किडन्या गेल्या आणि डायलिसिस लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पहिली बॅच. पायात जोर राहिला नव्हता, म्हणून व्हीलचेअर. सकाळी लिफ्टने खाली जायच्या ते ठीक, पण परत येताना अंगातलं सगळं पिळून काढल्यासारखं झालेलं असायचं, आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट बंद. मग वॉचमनच्या टेबलाशेजारी खुर्चीत मान टाकून बसायचं, आमचा माणूस येईपर्यंत. एकदा शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून जिन्याने न्यायचा प्रयत्न केला. पाचव्यावर त्यांना उलटी झाली, तेव्हापासून त्या नको म्हणायला लागल्या.

त्यांचा मुलगा सिद्धार्थ भिवंडीला पार्सलच्या गोदामात कामाला. कोणतं खोकं कुठे अडकलं, हे दिवसभर पडद्यावर बघायचं त्याचं काम. त्याने मला एकदा गाठून शांतपणे विचारलं, लिफ्ट केव्हा केव्हा बंद पडली त्याची नोंद तुमच्याकडे असेल ना? मी म्हटलं, असते, पण कंपनीच्या आतली असते. आमचे शेठ या बाबतीत फार हळवे. त्यांचं म्हणणं, आपल्या बिघाडांचा हिशेब बाहेर गेला तर समोरची कंपनी तो फ्रेम करून गिऱ्हाइकांना दाखवेल.

सिद्धार्थ वाद घालत बसला नाही. त्याने मोबाइलवर एक तक्ता बनवला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. लिफ्ट बंद दिसली की कुणीही लिहायचं, वार आणि वेळ. तक्ता सगळ्यांना दिसणार. आठवडाभर लोकांनी त्यात गुड मॉर्निंगही लिहिलं, पण नंतर सवय लागली. मलाही. रात्री जेवताना मी तो उघडून बघायचो. बायको म्हणायची, लोकांच्या लिफ्टमध्ये एवढा जीव, घरातला नळ गळतोय तो दिसत नाही.

दोनेक महिन्यांत तक्ता भरला. एका रविवारी सोसायटीच्या मीटिंगला मलाही बोलावलं. टेरेसवर प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात चहा. सिद्धार्थने सगळ्यांना मोबाइल उघडायला लावले. माझी अपेक्षा होती की आता माझी वाट लागणार. झालं भलतंच. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, यातले बहुतेक वार तर मंगळवार, गुरुवार, शनिवार आहेत. मग सगळेच बघायला लागले. खरंच होतं. कुणीतरी म्हणालं, ते मावशींचे वार. कुणीतरी म्हणालं, सकाळी व्हीलचेअर आत घालताना दरवाज्याला आपटत असणार, मग तासा-दोन तासांनी लिफ्ट बसते. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण तक्त्यातून दिसलेली गोष्ट माणसं फार पटकन खरी मानतात.

सिद्धार्थचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. आईसाठी मांडलेला हिशेब आईच्याच नावावर लागला होता. अकराव्यावरच्याच परबवहिनी तेवढ्या उठल्या आणि म्हणाल्या, आजारी बाईवर कसली बोटं दाखवता रे, लाज वाटू दे. त्या मावशींच्या समोरच्या दारात राहायच्या, चाळीतही भिंतीला भिंत. पण मीटिंगमध्ये ठरायचं ते ठरलं. व्हीलचेअर जपून न्यावी, अशी गायकवाडांना विनंती.

आठवड्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. तेव्हा कळलं, सिद्धार्थने बदलापूरला तळमजल्यावरची खोली भाड्याने बघून ठेवली होती. गणपतीच्या आत आईला घेऊन जायचं. तिकडेही डायलिसिस सेंटर आहे, रिक्षा दारात येते, उपकार कुणाचे नकोत. मावशी पलंगावर बसून ऐकत होत्या. मी विचारलं, तुम्हाला जायचंय का? त्या म्हणाल्या, "दारावरची पाटी वाचलीत का? शेवंता गायकवाड. आमच्या सात पिढ्यांत बाईच्या नावाचं दार पहिलं हे. पण पोराने तरी किती उचलायचं मला."

मी तिथून उठलो तो सरळ मशीनरूममध्ये गेलो नाही. आधी मरोळला गेलो. घाटकोपरच्या मेकॅनिकला सांगितलं, यापुढे पॅनल पुसायच्या आधी त्याचा फोटो काढायचा. शेठना सांगितलं की ते फोटो मी रहिवाशांच्या तक्त्यात टाकणार आहे. शेठ म्हणाले, आपले कपडे आपण चव्हाट्यावर वाळत घालतो का? मी म्हटलं, शेठ, कपडे त्यांनी आधीच वाळत घातलेत, आपण फक्त कुठला डाग कशाचा ते सांगू. शेठनी कॅल्क्युलेटर बाजूला सरकवला. मग म्हणाले, कंत्राट गेलं तर तुझ्या नावावर. एवढं धाडस मी आयुष्यात दोनदाच केलंय. दुसरं म्हणजे लग्न.

पुढच्या बिघाडांचे फोटो आले. प्रत्येक फोटोत तोच मजला. दहावा. अकरावा नाही, तळमजला नाही. दहाव्याचं दरवाज्याचं लॉक. मी ते फोटो तक्त्यात टाकले आणि मावशींच्या घरी सांगायला गेलो, कारण सिद्धार्थने आता तक्ता उघडायचंच सोडून दिलं होतं. तो म्हणाला, दहावा असो की विसावा, काय फरक पडतो. मावशींनी मात्र मान वर केली.

"दहाव्यावर माझी खुर्ची कधी उतरली रे?" त्या म्हणाल्या. "मी तर अकराव्यावर बसते ती एकदम खाली. दहाव्याच्या दाराला मी आयुष्यात हात लावला नाही."

एवढं साधं. आणि ते मला, लिफ्टवाल्याला, सुचलेलं नव्हतं. मी आनंदाने म्हटलं, मावशी, तुम्ही सुटलात. त्या म्हणाल्या, मी नव्हतेच अडकलेले, लिफ्ट अडकत होती.

पण मग दहाव्याला मंगळवार, गुरुवार, शनिवार कळतो कसा? दहाव्यावर एक नोकरदार जोडपं, एक बंद घर, एक शिकवणी घेणारे मास्तर. शिकवणी रोज. बंद घर रोजच बंद. दोन दिवस या कोड्याने मला पछाडलं. स्वप्नात पॅनल दिसायचं. शेवटी ठरवलं, शनिवारी सकाळी दहाव्यावर जाऊन नुसतं उभं राहायचं. सुपरवायझरने नुसतं उभं राहण्यात आमच्या कंपनीत कुणालाही नवल वाटत नाही.

मावशी खाली गेल्या, रिक्षात बसल्या. मी लिफ्ट वरच्या टोकाला नेऊन बंद केली, दहाव्याचा दरवाजा चावीने थोडा उघडला आणि टॉर्च मारून शाफ्टमध्ये बघत राहिलो. काही नाही. अंधार, दोर, ग्रीसचा वास. बऱ्याच वेळाने वरून खसखस आवाज आला, खराट्याचा. मग टप. लॉकच्या डब्यावर पाण्याचा एक थेंब. मग दुसरा. मग बारीक धार लागली आणि फिनाइलचा वास आला.

मी धावत जिन्याने अकराव्यावर गेलो. पॅसेजभर पाणी. परबवहिनी साडी खोचून बादली पालथी करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "साहेब, चपला काढा, आत्ताच धुतलंय."

मी काढल्या. इतक्या वर्षांची शिस्त.

गोष्ट अशी होती. मावशींना डॉक्टरांनी सांगितलेलं, जंतूंपासून सांभाळा. डायलिसिसच्या दिवशी मावशी खाली गेल्या की परबवहिनी लिफ्टपासून मावशींच्या दारापर्यंत सगळा पॅसेज बादल्या ओतून धुवायच्या, म्हणजे परत येताना खुर्चीची चाकं स्वच्छ लादीवरून घरात जातील. कुणी सांगितलेलं नव्हतं. चाळीत गॅलरी अशीच धुवायची असते. बादली ओता, खराटा मारा, पाणी गॅलरीच्या टोकाच्या भोकातून खाली जातं. टॉवरच्या पॅसेजला असं भोक नसतं. पाणी उतार शोधतं, आणि इथे उतार लिफ्टकडे होता. अकराव्याच्या उंबऱ्याच्या फटीतून ते आत जायचं आणि बरोबर खाली असलेल्या दहाव्याच्या लॉकवर ठिबकायचं. आमचा मेकॅनिक येईपर्यंत शाफ्टच्या वाऱ्याने सगळं वाळलेलं. म्हणून व्होल्टेज.

मला हे त्यांना सांगावं लागलं. परबवहिनींनी आधी खराटा भिंतीला टेकवला. मग बादली उचलून घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या पॅसेज कोरड्या फडक्याने पुसायला लागल्या आणि मावशींच्या घरी जायच्या बंद झाल्या. मावशींनी दोनदा ‘सुमन’ म्हणून हाक मारली. आतून उत्तर आलं की कुकर लावलाय.

लिफ्ट मात्र चालायला लागली. मला वाटलं, मिटलं. सिद्धार्थला तसं वाटत नव्हतं, आणि गोदामात काम केलेल्या माणसाचं डोकं बरोबर चालत होतं. तो म्हणाला, "काका, आता गणपती आलेत. प्रत्येक मजल्यावर पॅसेज धुतला जाणार. तुम्ही नोटीस लावाल, पाणी ओतू नये. कोण ऐकणार? आणि आईचं डायलिसिस गणपतीतही असणार. लोक वागतील या भरवशावर मी आईला अकराव्यावर ठेवू?" टेम्पो पुढच्या रविवारचा ठरला होता.

नोटिशीचंही सांगून टाकतो. आम्ही लावली. तिच्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी दूधवाल्याचा नंबर लिहिला.

मग मी सिद्धार्थला म्हटलं, तुझ्या तक्त्यात एकदा प्रश्न टाकून बघू. लोकांनी धुणं थांबवायचं नाही, पाणी मात्र आत जाता कामा नये, कसं जमवायचं? त्याला फारसा उत्साह नव्हता, पण त्याने टाकला. सूचना काय एकेक आल्या. लॉकवर छत्री बसवा. गणपतीत लिफ्टच बंद ठेवा, म्हणजे बंद पडणार नाही. बायकांना समजवा, हे लिहिणाऱ्या गृहस्थांना त्यांच्याच बायकोने खाली उत्तर दिलेलं होतं, ते इथे छापण्यासारखं नाही.

सहाव्या मजल्यावरचे तावडे गोरेगावच्या स्टुडिओत सेट लावतात. पावसाचा सीन असला की फ्लोअरवर पाणी सोडतात आणि ते वायरींपर्यंत जाऊ नये म्हणून कडेला रबराची बुटकी पट्टी चिकटवतात. त्यांनी लिहिलं, तशी पट्टी लिफ्टच्या उंबऱ्यापुढे मारू. बघायला आले तेव्हा त्यांनी माझं सगळं तांत्रिक स्पष्टीकरण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ता सगळा बरोबर हा, पण पाणी खंय जातां ता आधी बघूक होया." मग पेलाभर पाणी ओतून आम्ही दोघं अकराव्याच्या पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसलो. दोन प्रौढ माणसं एका ओघळामागे रांगत होती, आणि काय चाललंय ते बघायला आलेल्या दहाव्यावरच्या मास्तरांनी आम्हाला नमस्कार केला.

पहिली पट्टी फसली. पाणी अडलं, पण व्हीलचेअरही अडली. मावशी म्हणाल्या, आता लिफ्ट चालते आणि मीच बंद पडले. तावड्यांनी ती उपटली आणि दोन्ही बाजूंनी उतार दिलेली, बसकी पट्टी केली, म्हणजे चाक सहज वर चढेल, आणि तीच सगळ्या मजल्यांवर मारली. अडलेलं पाणी जायला कडेला जिन्याच्या बाजूची जाळी मोकळी केली. ही जाळी बिल्डरने सिमेंटने बुजवली होती. का, ते त्यालाच ठाऊक. मी माझ्याकडून प्रत्येक मजल्याच्या लॉकवर पत्र्याची छोटी टोपी बसवली. छत्री सुचवणाऱ्याने ग्रुपवर लिहिलं, मी हेच म्हणत होतो. त्याचं बरोबर होतं. आणि तावड्यांनी सेटवरच्या फळ्यांची दोन दांड्यांची एक खुर्चीही करून वॉचमनकडे ठेवली, मान टेकता येईल अशी. कोण कोण उचलणार त्यांची नावं तक्त्यातच. वीज जाईल, दुसरंच काही बिघडेल, तेव्हासाठी. माझ्या धंद्यात ही कबुली कठीण आहे, पण लिफ्ट कधीतरी बंद पडणारच.

पुढे शेजारच्या इमारतींनीही आपले बिघाड त्याच तक्त्यात घातले. एकीत शाफ्टमधली कबुतरं सापडली, एकीत माझ्याच मेकॅनिकचा विसरलेला पाना. दुसऱ्या कंपन्यांची माणसंही चोरून बघतात, आणि कधीकधी चोरून मदत करून जातात. शेठ हल्ली गिऱ्हाइकांना सांगतात की ही कल्पना मूळची त्यांची.

पण मला सांगायचंय ते टेम्पोच्या आदल्या दिवसाचं, शनिवारचं. रविवारी टेम्पो येणार होता. गठुडी बांधलेली होती. सिद्धार्थने रजा काढून आईला स्वतः डायलिसिसला नेलं होतं. मी अकराव्यावर गेलो आणि परबवहिनींचं दार वाजवलं. म्हटलं, वहिनी, बादली घेऊन या. त्या म्हणाल्या, मी नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कुणी ओतलं तर ते खरं नाही, तुमच्यासारखं कुणी ओतत नाही. त्या आत गेल्या. बादल्या घेऊन बाहेर आल्या आणि इतके दिवस दाबून ठेवलेला सगळा राग त्या लादीवर ओतला. बादली, पुन्हा बादली. खराट्याने पाणी मुद्दाम लिफ्टकडे लोटलं. ते पट्टीला येऊन थबकलं, जरा विचार केल्यासारखं हललं आणि जाळीकडे वळलं.

मी दहाव्यावर जाऊन टॉर्च मारली. पत्र्याची टोपी कोरडी. तरी मी हात फिरवून बघितला. मग दरवाजा लावून खाली फोन केला. मावशी आलेल्या होत्या. सिद्धार्थ म्हणाला, थोडं थांबू का, तुम्ही आधी रिकामी फिरवून बघा. मागून मावशींचा आवाज आला, "रिकामी कशाला? मला बसव."

लिफ्ट निघाली. मी दहाव्यावरच थांबून दरवाज्यावरचे आकडे बघत राहिलो. पाचवा गेला. आठवा. माझ्यासमोरून लिफ्ट सरकली आणि दरवाज्याच्या काचेतून मावशींचं डोकं वर जाताना दिसलं. मी जिन्याने पोचलो तेव्हा अकराव्याचा दरवाजा उघडला होता. चाकं पट्टीवरून अलगद चढली आणि ओल्या लादीवर उतरली. परबवहिनी खराटा हातात धरून भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

मावशी दमलेल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी मुलाला थांबायला लावलं. म्हणाल्या, "टेम्पोवाल्याला इथूनच फोन लाव. सुमनसमोर."

सिद्धार्थने खिशातून मोबाइल काढला. तो नंबर लावत असताना परबवहिनी खराटा ठेवून खाली बसल्या आणि पदराच्या टोकाने खुर्चीची चाकं पुसायला लागल्या, एकेक करून, सावकाश.